मोरीपर्यंतचा पुश

आमच्याकडे पाहुणा उठला की त्याला दारातून "या बरं का" म्हणून भागत नाही. आमच्याकडे म्हणजे इथे, युगांडातल्या या उसाच्या गावात. मी मूळची कराडची, पण कराडात आता मला ओळखणारं कुत्रंही उरलेलं नाही, आणि इथे रस्त्यावरची शेळी हाकणारी बाईसुद्धा मला टीचर म्हणून हाक मारते. तेव्हा आमच्याकडे म्हणजे इथेच. तर पाहुणा उठला की यजमानाने पण उठायचं, पायात चपला सरकवायच्या आणि त्याच्याबरोबर चालू लागायचं. किती लांब जायचं ते ज्याच्या त्याच्या नात्यावर. कुंपणापाशी थांबलात तर तुमचं जेमतेम आहे असं लोक धरून चालतात. हमरस्त्यापर्यंत गेलात तर माणूस जवळचा. आणि या पोचवायला जाण्याला इथल्या इंग्रजीत शब्द आहे पुश. "थांब, मी तुला पुश करतो," असं म्हणायचं आणि निघायचं.

नवीन होते तेव्हा मी या शब्दावर लाल शाई फार सांडली. शाळेत निबंध तपासायला घेतला की हमखास असायचं, आम्ही मामाकडे जेवलो, मग मामाने आम्हाला रस्त्यापर्यंत पुश केलं आणि आम्हाला आनंद झाला. मी शब्दकोश उघडून पोरांपुढे वाचायची. ढकलणे, रेटणे, लोटणे, सारणे, दाबणे, नेट लावणे. पोरं मान डोलवायची आणि पुढच्या निबंधात मामा पुन्हा पुश करायचा. शेवटी मीच नाद सोडला. हसायला तरी मला कुठे तोंड होतं? आपण पाहुण्याला वाटेला लावतो, आणि तेच शब्द जरासे मागेपुढे झाले की माणसाची वाट लावतो. परक्याने त्यातून काय समजायचं, ते तोच जाणे.

एरिफाझी लुबोवाला या एका शब्दावर सगळं आयुष्य भागवता यायचं. शाळेच्या फाटकासमोर फणसाच्या झाडाखाली त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे एक पंप, पाण्याचं घमेलं, हत्यारांचा डबा आणि तो स्वतः. सकाळी जाताना मी विचारायची, "काय लुबोवा, कसं काय?" तो चाकावरची नजर न काढता म्हणायचा, "पुशिंग, टीचर." म्हणजे चाललंय, रेटतोय. पंपाच्या दांड्यालाही पुश, चढावर उसाची मोळी बांधलेल्या सायकलीलाही पुश. एकदा माझ्या सायकलीचं पंक्चर काढता काढता, मी न विचारताच म्हणाला, "माझ्या बायकोने दिवसभर पुश केलं, टीचर. मूल आलं नाही. मग तीपण गेली." आणि ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते बघत बसला.  पुढे त्याने लग्न केलं नाही.

त्याला दुसरं माणूस म्हणजे झकालिया न्सेरेको. हा कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता, आता निवृत्त. लुबोवा जितका मुका तितका हा बडबड्या. बायको कधीच सोडून गेली होती, आणि मुलगा रॉनल्ड लहान असतानाच धाकट्या आत्याबरोबर इंग्लंडला गेला, तिथलाच झाला. घरात न्सेरेको आणि त्याची मोठी विधवा बहीण नलुबेगा. नलुबेगा म्हणजे आमच्या गावची तोफ. तिच्यासमोर आमचे हेसुद्धा शर्टाची बटणं नीट लावून जायचे, आणि ते तर साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवायच्या कढईवर होते, सगळ्यांवर ओरडायची त्यांना सवय.

दर रविवारी न्सेरेको लुबोवाकडे जेवायला. केळीच्या पानात वाफवलेलं मटोके, म्हणजे कच्ची केळी, आणि शेंगदाण्याची घट्ट आमटी, लुबोवा स्वतः करायचा. जेवून न्सेरेको कारखान्यातल्या जुन्या भानगडी सांगायचा, लुबोवा ऐकायचा, आणि ऊन कललं की दोघे निघायचे. खाली दलदल आहे, तिच्यावर रस्त्याची मोरी, छोटा पूलच. मोरीपर्यंत लुबोवाचा पुश. तिथे उभं राहून पुन्हा गप्पा. मग न्सेरेको पलीकडचा चढ चढायचा आणि वर पोचला की मोठ्याने खाकरायचा. ते खाकरणं ऐकलं की लुबोवा मागे फिरायचा. कधी कधी न्सेरेकोलाच लहर यायची, "तू एवढं आलास, आता मी तुला पुश करतो," म्हणून तो उलटा लुबोवाच्या घराकडे यायचा. दोन म्हातारे असे येरझाऱ्या घालायचे आणि बायका विहिरीवरून म्हणायच्या, या दोघांचं एकदा लग्न तरी लावा.

त्या रविवारी दुपारपासून पाऊस भुरभुरत होता. न्सेरेको जेवून निघाला आणि घरी पोचला नाही. पाऊस आहे, लुबोवाकडेच राहिला असेल, असं समजून नलुबेगा झोपली. सकाळी ऊस तोडायला निघालेल्या माणसांना तो मोरीखाली सापडला. पाणी घोट्याएवढं होतं, पण तो पालथा पडला होता. चक्कर आली की पाय घसरला, डॉक्टरलाही सांगता आलं नाही.

लोक लुबोवाकडे धावले. तो पंपाशी बसला होता. कुणीतरी विचारलं, "सेबो, त्याला कुठे सोडलंत?" सेबो म्हणजे आपलं साहेब, राव. लुबोवा म्हणाला, "मोरीपर्यंत पुश केलं, नेहमीसारखं." नलुबेगाने विचारलं, "मग पडल्याचं ऐकलं नाहीस?" तो म्हणाला, "पाऊस होता." मग त्याने चाक हातात घेतलं आणि फिरवत राहिला. आरे सरळ होते, रबर ठीक होतं, तरी फिरवत राहिला. तो रडला नाही, जेवला का विचारलं तर जेवलो म्हणाला, आणि चुलीत राख गार पडलेली मी डोळ्यांनी बघितली. माणूस बधिर झाला होता. मला त्याची काळजी वाटायला लागली होती.

रॉनल्ड विमानाने आला तोवर मयत तालुक्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं. पोरगा चांगला होता, उगाच खोटं कशाला बोलू. चाळिशीचा, चष्मा, डोळे सुजलेले. लुगांडा भाषा त्याला येत नव्हती, नलुबेगाला मिठी मारून नुसता उभा राहिला. दफनाच्या आदल्या दिवशी अंगणात बायका चटयांवर बसल्या होत्या, मीही त्यांच्यात होते. लुबोवा आला. टोपी हातात घेऊन रॉनल्डसमोर उभा राहिला. रॉनल्डने त्याला खुर्ची दिली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही बाबांना शेवटचं बघितलंत ना? काय झालं, मला सांगाल?"

"मी त्याला पुश केलं," लुबोवा म्हणाला.

रॉनल्डला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय केलंत?"

"पुश केलं. मोरीपर्यंत."

"तुम्ही? माझ्या वडिलांना?"

"दर रविवारी करतो," लुबोवा म्हणाला.

"पण का?"

"माझा मित्र होता."

रॉनल्डचा आवाज बारीक झाला. "आणि त्यांनी विरोध नाही केला?"

"छे. त्याला आवडायचं. कधी कधी तोही मला पुश करायचा."

आता तुम्ही म्हणाल, टीचर, तुम्ही तिथेच होता ना, मग जीभ काय गहाण टाकली होती? सांगते. माझ्या कानाला त्यात काहीच खटकलं नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही पुश म्हणजे पोचवणंच झालं होतं. मी मान खाली घालून डोळे पुसत होते. खुर्ची पडल्याचा आवाज आला तेव्हा वर बघितलं, तर रॉनल्ड उभा, त्याची खुर्ची मागे पडलेली. "या माणसाला बाहेर काढा," तो म्हणाला. "मी पोलिसांत जाईन. आणि उद्या हा बाबांच्या जवळपास दिसता कामा नये."

लुबोवा उठला. पडलेली खुर्ची सरळ केली, टोपी घातली आणि निघून गेला. नलुबेगा माझ्याकडे वळून म्हणाली, "टीचर, भावाचा पोरगा काय ओरडला?" मी सांगायला तोंड उघडलं आणि तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला.

पोराला घराच्या मागे नेऊन मी त्याची शाळा घेतली. तो म्हणाला, "मॅडम, माझी मातृभाषाच इंग्रजी आहे." मी म्हटलं, "असेल बाबा, पण तुझ्या बापाची इंग्रजी वेगळी होती." त्याला मी मामाचा निबंध सांगितला. मोरी सांगितली, येरझाऱ्या सांगितल्या, बायकांची चेष्टा सांगितली. आधी तो मानेना. मग लुगांडा न येणारी माझ्या शाळेतली एक बाई अंगणातून निघायला उठली, आणि दफनासाठी आलेली नलुबेगाची सून तिला इंग्रजीत म्हणाली, "चला, मी तुम्हाला फाटकापर्यंत पुश करते," आणि दोघी बोलत बोलत गेल्या. रॉनल्ड त्यांच्याकडे बघत राहिला. मग तो केळीच्या बुंध्याला टेकून खाली बसला आणि चेहरा हातांत लपवून म्हणाला, "अरे देवा, मी त्यांना काय काय बोललो." मला त्याची दया आली. त्याचं तरी काय चुकलं होतं.

मी तशीच लुबोवाकडे गेले. तो फणसाखाली होता. "ये उद्या," मी म्हटलं. "पोराला कळलंय. तुला बोलावलंय त्याने."

तो म्हणाला, "जा म्हणाला तेव्हा बरं वाटलं होतं, टीचर."

मला वाटलं दुःखात माणूस काहीही बोलतो. मी रागावलेच. "काहीतरी बडबडू नकोस. येणार आहेस की नाही?"

"मला मूठभर माती टाकायची आहे," तो म्हणाला. "तेवढी टाकू देतील ना?"

"देतील. का नाही देणार?"

त्याने मान हलवली. त्याला बाकी काही नको होतं, हे मात्र मला स्पष्ट कळलं.

दफन त्यांच्याच केळीच्या बागेत झालं. झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळलेली पेटी खाली सोडली. नातलगांनी माती टाकली, मग शेजाऱ्यांनी. लुबोवा शेवटी पुढे आला. कुणी अडवलं नाही. त्याने वाकून मूठ भरली, बराच वेळ तशीच धरली आणि मग सोडली. झालं, मी मनात म्हटलं, सुटला बिचारा. आता घरी जाऊन एकदा रडेल आणि माणसात येईल.

खड्डा भरल्यावर सगळे अंगणात बसले. लुबोवा कडेला, फाटकाजवळच्या बाकावर. जेवण वाढायच्या आधी रॉनल्ड उठला आणि त्याला हाताला धरून मध्ये घेऊन आला. मला म्हणाला, "मॅडम, मी बोलतो ते यांच्या भाषेत सांगाल?" मी उभी राहिले. तो म्हणाला, "काल मी या माणसाचा अपमान केला, कारण मला एका शब्दाचा अर्थ कळला नाही. हा माझ्या वडिलांचा मित्र. शेवटच्या दिवशी माझे वडील एकटे नव्हते, यांनी त्यांना पुश केलं. लांब बसून मला एवढंच हवं होतं, की ते एकटे नव्हते. मी यांचा ऋणी आहे." मी सांगितलं. बायकांनी जिभेने तो बारीक आवाज काढला, इथे मन भरून आलं की काढतात तो. एका म्हाताऱ्याने लुबोवाच्या पाठीवर थाप मारली. नलुबेगाने हाताने नाक पुसलं.

तिथे त्याने नुसती मान लववली असती तरी चाललं असतं. माती टाकून झाली होती, पोरगा हात धरून उभा होता, अख्खं गाव बाजूने होतं. मान लववायची आणि बाकावर जाऊन बसायचं, एवढंच होतं.

लुबोवा रॉनल्डकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "मी तुझ्या वडिलांना पुश केलं नाही."

रॉनल्डचे डोळे भरले. त्याने दुसराही हात त्याच्या हातावर ठेवला. "माहीत आहे मला," तो म्हणाला. "नाहीच केलंत तुम्ही. मला माफ करा, मी तसं समजायलाच नको होतं."

एवढं इंग्रजी मात्र तिथल्या सगळ्यांना कळत होतं. पाठीवर थाप मारणारा म्हातारा हात मागे घेऊन बसला.

मग लुबोवा लुगांडात बोलायला लागला, कुणाकडेही न बघता, सपाट आवाजात. "पाऊस होता. मी पाय धुतले होते. तो म्हणाला, येतोस ना? मी म्हटलं, आता कुठे पाय पुन्हा चिखलात घालू. तो हसला. म्हणाला, बरं, पुढच्या रविवारी दोनदा पुश कर. मी दार लावून घेतलं. खाकरण्याचा आवाज येतोय का, ते मी घरातून ऐकत होतो. आला नाही. म्हटलं, पावसामुळे ऐकू येत नसेल. मग मला झोप लागली." शेवटी म्हणाला, "दारातून मी त्याला एवढंच म्हणालो, जा, वाट तुला माहीत आहे."

मी अजून उभीच होते. यातलं एक वाक्यही मी रॉनल्डला इंग्रजीत सांगितलं नाही. रॉनल्ड त्याचा हात धरून होता आणि प्रेमाने मान डोलवत होता, मित्र आठवणी सांगतोय असं त्याला वाटत असणार. मला त्या म्हाताऱ्याचा राग आला, खरंच सांगते. कशाला बोललास? कुणी विचारलं होतं तुला? आणि त्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्यावर काहीही नव्हतं, ना भीती, ना सुटका. धुतलेल्या पाटीसारखं तोंड.

नलुबेगा चटईवरून उठली. गुडघे धरत, हळू. मला वाटलं, आता ही तोफ सुटणार. पण ती ओरडली नाही. चुलीजवळ जाऊन तिने त्याच्यासाठी वाढायला काढलेलं केळीचं पान उचललं, परत गठ्ठ्यावर ठेवलं, आणि घरातल्या माणसाला सांगावं तशा साध्या आवाजात म्हणाली, "माती टाकलीस ना? मग जा आता. वाट तुला माहीत आहे."

लुबोवाने हात सोडवून घेतला. टोपी घातली. अंगणात पन्नासएक माणसं असतील, एकाचाही पाय हलला नाही. तो फाटकातून बाहेर पडला आणि चढ उतरू लागला, मोरीकडे, एकटा.

रॉनल्ड गोंधळून माझ्याजवळ आला. "ते जेवत का नाहीत? आत्या काय म्हणाली त्यांना?"

मी म्हटलं, "त्यांना वाट माहीत आहे, असं म्हणाली."

"असं होय," तो म्हणाला. "मला वाटलं मी त्यांना पुश करायला हवं." आणि हायसं वाटून तो खुर्चीत बसला.